दारूची अब्रू

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटी फाट्यावर उभे राहिले की दारूचे सारे समाजशास्त्र अर्ध्या तासात डोळ्यांखालून जाते. एका बाजूस कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूस तुंगारेश्वरचे डोंगर, आणि पावसाळ्यात धबधब्याच्या ओढीने मुंबईहून येणारी तरुणांची झुंबड. वाटेत ढाबे आहेत, औषधांची दुकाने आहेत, 'वाइन्स' अशी पाटी लावलेली दुकाने आहेत. (या पाटीची आम्हांला नेहमीच गंमत वाटते. आत खपतात त्या व्हिस्की, रम आणि बियर; वाइनच्या चार बाटल्या कोपऱ्यात धूळ खात असतात. तरीही अवघ्या महाराष्ट्राने दारूच्या दुकानाला 'वाइन शॉप' हेच नाव दिले. शब्दाची अब्रू वस्तूला मिळावी, म्हणून केलेली ही उसनवारी असावी.) महामार्ग सोडून डोंगराच्या कुशीत शिरले की पाडे लागतात, वारल्यांचे, मल्हार कोळ्यांचे, कातकऱ्यांचे. या पाड्यांचे नाव निघाले की शहरी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'हातभट्टी'.

आम्ही दोघे याच परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रस्तुत लेखाचे निमित्त दारू हे नसून एक शिबिर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर आम्ही काही वर्षांपूर्वी चिंचोटीजवळच्या एका पाड्यावर नेले होते. श्रमदान, सर्वेक्षण, आरोग्य तपासणी आणि शेवटच्या रात्री व्यसनमुक्तीवर पथनाट्य, असा ठरीव कार्यक्रम. पथनाट्याची संहिता आमचीच. त्यात एक दारुडा होता, त्याची मार खाणारी बायको होती, उपाशी पोरे होती आणि शेवटी प्रबोधन करणारा एक शिकलेला तरुण होता. दारुड्याचे काम द्वितीय वर्षाच्या एका मुलाकडे आले, कारण त्याला 'त्यांची बोली' येत होती. तो त्याच पाड्यावरचा होता. लुंगी, फाटके बनियन, हातात काचेची बाटली. मुलाने काम झकास केले. आमच्या बाकीच्या विद्यार्थ्यांना हसू आवरेना. पाड्यावरची माणसे मात्र फारशी हसली नाहीत.

आमचे सामान त्या मुलाच्याच घरी, त्याच्या आजीच्या ओटीवर ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आवराआवर चालू असताना आमच्यापैकी एकाच्या पिशवीतून द्राक्षासवाची बाटली बाहेर आली. पचनासाठी आणि अशक्तपणासाठी म्हणून रोज जेवणानंतर दोन चमचे, हा आमच्या घरातला जुना रिवाज. आजीने बाटली हातात घेतली, बूच काढून वास घेतला आणि विचारले, "मास्तर, ह्ये काय हाय?" औषध आहे, असे आम्ही सांगितले. तिने बाटली नातवाच्या हातात दिली. त्याने इंग्रजी लेबल वाचले आणि आपल्या बोलीत तिला सांगितले, की यात आपोआप तयार झालेली दारू आहे, शंभरात बारा भागांपेक्षा जास्त नाही. आजी म्हणाली, "म्हंजी हाय." एवढेच बोलून तिने बाटली आमच्या पिशवीत परत ठेवली. पुढच्या वर्षी शिबिराच्या यादीत त्या मुलाचे नाव नव्हते. आम्ही कारण विचारले नाही; विचारायला हवे होते.

या प्रसंगावर आम्ही बराच काळ काही लिहिले नाही. परंतु तो मनातून जात नाही, आणि त्यामागील प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. एखाद्या पेयाला समाजात जी प्रतिष्ठा किंवा अप्रतिष्ठा मिळते, ती त्या पेयात काय आहे यावरून मिळते, की ते कोणाच्या हातात आहे यावरून?

आसव-अरिष्टांचेच पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांचे ८४ प्रकार मोजलेले आहेत. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात मद्यपानामुळे जडणाऱ्या विकारांवर स्वतंत्र अध्यायही आहे. म्हणजे दोन्ही बाजू त्या शास्त्रकारांना ठाऊक होत्या. आसव करण्याची रीत साधी: काढा किंवा रस, त्यात गूळ, आंबवण्यासाठी धायटीची फुले, आणि भांडे बंद करून काही आठवडे वाट पाहणे. हातभट्टीवालाही गूळ आणि फुले भिजत घालून वाटच पाहतो. फरक पुढे पडतो. भट्टीवर ते ऊर्ध्वपातनाने तीव्र केले जाते, आसवात तसे करीत नाहीत. हा फरक महत्त्वाचा आहे, तो आम्ही नाकारीत नाही. पण ग्रहणीच्या विकारावर चरकाने सांगितलेले 'मधूकासव' ज्या फुलांपासून होते ती मोहाचीच फुले. वैद्याच्या बरणीत ती 'मधूक' असतात आणि पाड्यावरच्या मडक्यात 'मोह' होतात. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या किती घरांनी त्याला कधी दारू म्हटले असेल?

या फुलांच्या वाट्याला आलेली अप्रतिष्ठा तशी आपोआप आलेली नाही, तिला तारीख आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारने आपल्या मुठीत घेतला. गावोगावच्या लहान भट्ट्या बेकायदा ठरल्या आणि ताडीच्या झाडांवरील कराने भंडाऱ्यांचा धंदा जेरीस आला. तरीही जंगलातील माणूस फुले वेचतच राहिला, तेव्हा १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करण्यात आला. तो लागू झाला ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांना; म्हणजे आपण ज्या चिंचोटीविषयी बोलत आहोत ती तेव्हा ज्या जिल्ह्यात होती, त्यालाच. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली पडलेली फुले गोळा करून घरी साठवणे हा येथील माणसांचा अन्नाचाही भाग होता. फुले वाळवून, शिजवून, भाकरीत घालूनही खातात. कायद्याने फुलाकडे अबकारी बुडवणारा गुन्हेगार म्हणून पाहिले. फूल वेचणाऱ्याकडेही मग त्याच नजरेने पाहिले जाऊ लागले. सरकारी तिजोरीचा प्रश्न होता, तो नीतीचा प्रश्न म्हणून आपल्यापर्यंत पोचला. आमच्या पथनाट्यातल्या लुंगीचा उगम आम्हांला येथे दिसतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हा कायदा कोठे अडखळला हे पाहण्यासारखे आहे. एफ. एन. बलसारा या मुंबईकराने न्यायालयात मागणी केली ती व्हिस्की-ब्रँडीपुरती नव्हती. कोलन-वॉटर, औषधी वाइन आणि मद्यार्क असलेली औषधे जवळ बाळगता यावीत, अशीही होती. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी कायदा बव्हंशी उचलून धरला, परंतु औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांवरील निर्बंध अवाजवी ठरवून रद्द केले. निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्यच होता. सामाजिक परिणाम मात्र असा झाला, की औषधाच्या बाटलीतून येणाऱ्या मद्याला दार मिळाले आणि मडक्यातून येणाऱ्याला मिळाले नाही. पुढे लोक टिंक्चर आणि टॉनिके निराळ्याच कारणासाठी विकत घेऊ लागले, तेव्हा कोणते औषध 'पिण्याजोगे' आहे हे ठरवण्यासाठी कायद्यात तज्ज्ञांच्या मंडळाची सोय करावी लागली. चर्चमधील विधीच्या वाइनला मुभा होती, आणि ज्याला परवाना मिळे तो प्रकृतीच्या कारणाने पीत असे. ज्याच्याजवळ प्रकृती सिद्ध करणारा डॉक्टर नव्हता, त्याच्यासाठी मुंबईत 'आंटीचा अड्डा' होता. त्या अड्ड्यांनी वसई-मुंबईच्या समस्त ख्रिस्ती बायकांना हिंदी चित्रपटांत जी ओळख मिळवून दिली, ती पुसायला पुढची दोन पिढ्यांची शिक्षिका आणि परिचारिका झालेली बाईही पुरी पडली नाही. वसईच्या ख्रिस्ती घरातील बारशाला मसाले घालून गरम केलेले 'खिमट' देतात, ते आतिथ्य. पडद्यावर तेच थट्टेचा विषय.

टॉनिक आणि दारू यांच्या सीमेवरचा हा गोंधळ केवळ आपला नाही. अमेरिकेत अटलांटा येथे पेम्बर्टन नावाचा औषधविक्या १८८५ च्या सुमारास वाइनमध्ये कोका आणि कोला-बी यांचा अर्क मिसळून मज्जातंतूंचे टॉनिक विकत होता. म्हणजे कॅफिनयुक्त वाइनच. शहरात दारूबंदी आली आणि त्याने त्यातली वाइन तेवढी काढून टाकली. उरले ते १८८६ चे कोका-कोला. आणखी ठळक उदाहरण इंग्लंडचे. डेव्हन परगण्यातील बकफास्ट मठाचे बेनेडिक्टाइन संन्यासी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एक टॉनिक वाइन करतात. मद्यार्क १५ टक्के. शिवाय हिरव्या बाटलीतून जी स्कॉटलंडला जाते तिच्यात दर शंभर मिलिलिटरला ३७.५ मिलिग्रॅम कॅफिन. आरंभी ती प्रकृतीसाठी दिवसातून लहान लहान पेले घ्यावे म्हणून विकली जाई. आज स्कॉटलंडच्या कोटब्रिज, एअरड्री अशा कारखाने बंद पडलेल्या गावांतील बेकार पोरांची दारू म्हणून ती ओळखली जाते. २००६ ते २००९ या काळात ग्लासगो परिसरातील स्ट्रॅथक्लाइड पोलिसांच्या पाच हजारांवर गुन्हे-नोंदींत तिचे नाव आले होते. स्कॉटलंडच्या एकूण मद्यविक्रीत तिचा वाटा एक टक्काही नसताना मंत्र्यांनी तिच्याविरुद्ध भाषणे केली.

या प्रकरणात आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते हे, की बाटली तीच असूनही तिला दोन अब्रू आहेत. मठाच्या बागेत फिरायला आलेल्या पाहुण्यासाठी ती संन्याशांची परंपरा आहे. कोटब्रिजच्या बसथांब्यावर ती गुन्ह्याचा पुरावा आहे. बनवणाऱ्या संन्याशांचे नाव बिघडले नाही, पिणाऱ्या पोरांचे बिघडले. आणि पोलिसांनी नोंद करताना बाटलीचे नाव लिहिले, कारण ते नाव आधीच प्रसिद्ध होते. व्होडका पिऊन मारामारी करणाऱ्याच्या नोंदीत तिच्या छापाचे नाव कोण लिहून घेतो? तथापि येथेही घाई करू नये. कॅफिन आणि मद्य यांची जोडी खरोखरच घातक असते. कॅफिनने रक्तातले मद्य कणभरही कमी होत नाही. झिंगल्याची जाणीव तेवढी दबते, झोप येत नाही, आणि माणूस अजून दोन पेले घेऊ शकतो, गाडी चालवू शकतो असे त्याला वाटते. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये अशा तयार पेयांच्या चार उत्पादकांना ताकीद दिली ती याच कारणाने. अप्रतिष्ठेचे कारण अन्यायाचे असू शकते आणि तरी बाटलीत धोका असू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरे असते, हे आमच्या संहितेत कोठेच नव्हते.

संहितेचा विषय निघालाच आहे, तर थोडे आमच्या धंद्याविषयी. मराठीत दारूविषयी बोलायचे म्हणजे 'एकच प्याला' आलेच. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. तेव्हापासून व्यसनाची मराठी कल्पना त्या नाटकाने घडवली आहे. आम्ही ते अनेक वर्षे शिकवले. सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे, मानी आहे. सनद स्थगित झाल्याच्या अपमानात तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. ध्यानात घ्यावे, की तो पेला दारू म्हणून येत नाही, मनाच्या दुखण्यावरचा उतारा म्हणून येतो. टॉनिकच म्हणा ना. पुढचा नाश आपण शोकांतिका म्हणून वाचतो, कारण पडण्यासाठी सुधाकरापाशी उंची आहे. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ यांच्यावर मात्र आपण हसतो. ही विभागणी गडकऱ्यांपुरती राहिली असती तर हरकत नव्हती. नाटककाराला विनोदाची गरज असते. परंतु आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवत आलो, की शिकलेल्या माणसाचे व्यसन ही शोकांतिका आणि बिनशिकलेल्याचे व्यसन हे प्रहसन. मग त्याच विद्यार्थ्यांना पथनाट्य लिहायला सांगितले, किंवा आम्हीच लिहिले, की दारुड्याच्या अंगावर लुंगी येते. त्याला नाव नसते, पूर्वायुष्य नसते, त्याच्यापुढे पहिला पेला कोणी धरला हे कोणी विचारीत नाही. 'त्यांची बोली' येणारा मुलगा आम्ही निवडला, तेव्हा आम्ही त्याला तळीरामाचीही पदवी दिली नव्हती.

राज्यकर्त्यांची भाषाही यापेक्षा वेगळी नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असे समर्थन झाले. द्राक्ष-बागायतदारांच्या हिताचा दाखला दिला गेला. विरोधकांनी राज्याला 'मद्यराष्ट्र' म्हटले, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय बासनात गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक निर्णय झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. मोहाच्या फुलांपासून आणि काजूबोंडांपासून केलेल्या मद्याचा 'देशी दारू' हा दर्जा काढून ते 'विदेशी मद्य' या वर्गात घालण्याचे ठरले. बाजारात त्याला मान मिळावा, हा हेतू. ठाणे जिल्ह्याच्या जंगलातले फूल प्रतिष्ठित व्हायचे तर त्याला आधी परदेशी व्हावे लागते, हे वाचून आम्ही दोघे स्टाफरूममध्ये मोठ्याने हसलो होतो. त्या हसण्यात अर्थात विनोद थोडाच होता. मोहाची दारू उंची बाटलीत जाईल, पंचतारांकित हॉटेलात मिळेल, पण चिंचोटीच्या पाड्यावर ती घरी गाळणारी बाई गुन्हेगारच राहील. पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मद्यावर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. चिंचोटी वसई-विरार महानगरपालिकेत आहे, येथे ग्रामसभाच नाही.

असो. आता ज्या दारूविषयी कोणीच बोलत नाही तिच्याकडे वळतो. पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर कचरा उचलायला आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन दोनदा गेलो. मडकी सापडली नाहीत. सापडल्या त्या क्वार्टरच्या चपट्या बाटल्या आणि त्यांच्याच शेजारी एनर्जी ड्रिंकच्या लहान प्लॅस्टिकच्या बाटल्या, तांबडे थेंब तळाशी उरलेल्या. दोन्ही एकत्र का, हे आमच्याच एका विद्यार्थ्याने निरागसपणे समजावून सांगितले: सोडा घेतला की झोप येते, हे घेतले की येत नाही. वीस रुपयांत बकफास्टच्या संन्याशांचे काम होते! एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिनला आपल्याकडे परवानगी आहे, आणि मुलांनी व गर्भवतींनी घेऊ नये अशी सूचना बारीक अक्षरांत असते. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या मंत्र्यांनी विधान परिषदेत शाळांपासून पाचशे मीटरच्या आत अशी पेये विकण्यास बंदी घालू असे सांगितले. महामार्गावरचे अंतर मोजायला कोण जाणार? पावसाळ्यात याच धबधब्यावर माणसे वाहून जातात. जुलै २०१८ मध्ये शंभरावर पर्यटक पुरात अडकले होते आणि एक दगावला होता. त्या दिवशी कोण काय प्यायले होते हे आम्हांला ठाऊक नाही आणि तसे सुचवणेही योग्य नव्हे. परंतु प्रवेशबंदीचा फलक ओलांडून, दुचाकीवरून तिघे बसून येणाऱ्या मुलाच्या हातातील तांबड्या बाटलीला कोणीही दारू म्हणत नाही. त्याने स्वच्छ कपडे घातलेले असतात. तो आमच्याच वर्गात बसतो.

आमच्यावर हातभट्टीचे समर्थन केल्याचा आरोप होईल, म्हणून स्पष्ट करतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉलला परंपरा कळत नाही. पाड्यावरच्या बायकाच दारूचा मार आधी खातात आणि महाराष्ट्रात 'आडवी बाटली'साठी रांगा लावून मतदान केले तेही बायकांनीच. आमच्या पथनाट्यातली मार खाणारी बायको खोटी नव्हती. खोटे होते ते एवढेच, की ती फक्त पाड्यावर असते. वसईच्या सोसायट्यांतील बंद दारांमागे ती असल्याचे आम्हांला शेजारी म्हणून ठाऊक आहे. त्या सोसायटीच्या आवारात पथनाट्य करायला आम्ही कधी परवानगी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली असती का?

मोहाच्या दारूला मोकळीक द्यायचीच असेल तर ती कारखानदाराआधी गाळणाऱ्या बाईला द्यावी, तपासणीची सोय पाड्याजवळ करावी, असे आमचे मत आहे. ते मान्य होण्याची आशा फारशी नाही. आमच्या हातात आहे ते शिबिर. यंदा अर्जात 'निवडलेले गाव' या रकान्यात काय लिहावे यावर समितीत वाद झाला. आम्ही दोघांनी महाविद्यालयाचे उपाहारगृह आणि त्यामागचे दुचाकींचे आवार सुचवले. एका सहकाऱ्याने ते हसण्यावारी नेले, दुसऱ्याने नियमावली काढली. नियमात गावच हवे. तो रकाना अद्याप कोरा आहे. त्या मुलाच्या घरी जाऊन यायचेही ठरले आहे, पुढच्या रविवारी. जाताना पिशवीत काय न्यावे हा प्रश्न घरात दोनदा निघाला.